बाबांच्या टँकचा स्पंज

दादा,

आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद द्यायला बाबांच्या ऑफिसात चालले आहे. टँकमधले आणखी दोन मासे सकाळी मेलेले होते.

आठवडाभर तू मोबाइलवर टँकच्या मागे टांगायच्या फिल्टरांची तुलना करत होतास. कुणाची मोटर शांत, कोण जास्त पाणी फिरवतो, सगळं तुला पाठ आहे. मला एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं, की जुन्यातला काळा स्पंज नव्यात ठेवायचा असतो. पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यातच असतात. बाबा तो नळाखाली धूतही नसत, टँकच्याच पाण्यात पिळायचे. तू "काय घाण आहे यार" म्हणून नवा फिल्टर बसवताना तो फेकून दिलास. बाबांना जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

वरच्या गुणवंतकाकांकडून वापरातला स्पंज आणून मी नव्या फिल्टरमध्ये घातला आहे. त्याला हात लावू नकोस. माशांना आज खायला घालू नकोस, पाणी आणखी बिघडेल. काकांनी टँक सुरू केला तेव्हा बाबांनी आपलाच स्पंज अर्धा कापून त्यांना दिला होता. हा तो अर्धा.

घरातल्या बाबांच्या कपाटाची किल्ली मी बरोबर नेते आहे. त्यातलं काही फेकलं जायला नको.

देवयानी