उघडं दार

९ मार्च २०२५, रविवार
सकाळी साडेदहा

चिमणे,

आशीर्वाद. तुझा गुडघा बरा असावा. माझ्या गुडघ्याचं विचारू नकोस.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटं. तुझ्या लेकीच्या घरी, जेवणं अर्ध्यावर असताना, बारा माणसांसमोर तू म्हणालीस, "ताईनेच कापली होती ती मखमल. मी आरशात पाहिलं होतं." आणि लगेच मला मीठ हवं का विचारलंस.

त्रेपन्न वर्षांपूर्वी या प्रकरणाचा निकाल लागला होता. बाबांच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या निळ्या मखमलीची बाही कुणीतरी वीतभर आखूड कापली. तू तेव्हाही माझंच नाव घेतलंस. तू पुढे मशीनवर बसलेली, कापायचं टेबल मागे, मध्ये जाड पडदा. मी दुकानाचा आराखडा काढून बाबांना दाखवलं, की तुझ्या जागेवरून, आरशातूनसुद्धा, ते टेबल दिसणं शक्य नाही. भूमिती कॉन्व्हेंटातल्या मदरनी शिकवलेली. बाबांनी कागद पाहिला, तुला खोटी ठरवलं आणि तुझ्या हातातली कात्री काढून घेतली. तेव्हा तू चौदाची होतीस.

जेवणावरून घरी आले ती पेटूनच. म्हटलं, हिला पुन्हा एकदा सिद्ध करून दाखवते. तुझ्या जावयाने अडगळीत काढलेला कॉम्प्युटर माझ्याकडे पडून होताच. त्यावर असा एक प्रोग्राम चालतो, की आपण भिंती, दिवे, आरसे मापांनिशी सांगायचे आणि तो प्रकाशाच्या एकेका किरणाचा माग काढून चित्र बनवतो. जन्मभर नकाशे काढलेल्या बाईला मापांची काय भीती?

पहिलं चित्र ठार काळं आलं. जावई फोनवर म्हणाला, मावशी, मशीन जुनं आहे, नाद सोडा. मशीन जुनं, मावशी जुनी, अक्कल तेवढी नवी याची. मी चार दिवस शोधलं. दिव्याचा गोळा मी भरीव काढला होता आणि उजेड त्याच्या पोटात कोंडला होता. मग भिंतीवर गोवर उठल्यासारखे ठिपके. आरसा बरोबर भिंतीच्या पातळीत बसवल्यामुळे आधी भिंत की आधी आरसा, हे यंत्राला ठरवता येईना. केसभर पुढे ओढला, ठिपके गेले. मग अर्ध्या चित्रात मशीन आपोआप बंद पडू लागलं. झाकण उघडून पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशने काढली. खरं सांगू? इतकी मजा मला निवृत्तीनंतर कशात आली नव्हती. मी कशासाठी बसले होते तेही कधी कधी विसरायची.

शेवटी तुझ्या खुर्चीतून दिसणारं दुकान उमटलं. दाराजवळच्या आरशात पडद्याच्या टोकाची ट्रायल रूम दिसत होती आणि तिथल्या आरशाच्या जागी काळा चौकोन. टेबल कुठेच नाही. जिंकले. तुला पाठवायला पाकीटही काढलं.

पण तो काळा चौकोन काही सोडेना. आरसा काळा कसा असेल? पुन्हा मदतीची पानं वाचली. वेळ वाचावा म्हणून मीच किरणाला एकदाच आरशावरून परतायची मुभा दिली होती. दुसऱ्या आरशापाशी यंत्राने बघणंच सोडलं होतं. मी एकाचे दोन केले. अकरा तास लागले.

टेबल दिसलं, चिमणे. कडेला कात्री, तिच्यावर एक हात. माणसाच्या जागी मी नुसता उभा नळा आणि वर गोळा ठेवला होता. तरी मी ओळखू आले.

आता तू विचारशील, ट्रायल रूमचं दार तर नेहमी बंद असायचं. बाबांना दाखवलेल्या आराखड्यातही मी ते बंदच काढलं होतं. मग या वेळी उघडं का काढलं? कारण आठवून मापं भरताना हात खोटं बोलेना. त्या दिवशी ते उघडं होतं. मला तेव्हाही माहीत होतं.

आणि हा प्रोग्राम किरण दिव्यापासून नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यापासून उलटा मोजत जातो. वाट तीच, कुठूनही निघा. तुला माझा हात दिसला असेल, तर मलाही तुझे डोळे दिसले असणार. दिसले होते. मी दोन्ही आरशांतून तुझ्याकडे बघितलं आणि मग कागद-पट्टी घेऊन बसले.

बाही मीच कापली. हे पत्र त्या बाराही जणांना वाचून दाखव. शिवण तुझ्या हातात होतं, माझ्या कधीच नव्हतं. चित्र सोबत पाठवते आहे.

बारा माणसांसमोर सांगायची तुझी पद्धत मला अजूनही पटलेली नाही, तो राग वेगळा. पण एक गोष्ट यंत्र सांगू शकत नाही. मी तुझ्याकडे बघते आहे, हे तुला त्या वेळी कळलं होतं का? कळलं असेल, तर बाबांना ते का सांगितलं नाहीस? उत्तर लेखी हवं. फोनवर तू रडतेस आणि मी वाद घालते. मंगळवार, २५ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे. नाही पोचलं, तर सहाच्या गाडीने मी तुझ्या दारात उभी राहीन. दार उघडं ठेव.

तुला पाहिलेली,
ताई