वळकटीपुरते केस

आउडहाव्हन, ९ फेब्रुवारी २०११

चि. मेन्स्येस,
अ. उ. आ. (सहा वर्षांनी मोठ्या बहिणीचे आहेत, तेव्हा निमूट घ्यायचे.)

पहिली बातमी पहिली. केस आले. ऑक्टोबरात शेवटची केमो झाली, त्यानंतर महिनाभर डोकं नुसतं सोललेल्या बटाट्यासारखं होतं. मग लव आली आणि आता चांगले दोन बोटं झालेत. पण बाई गं, हे केस माझे नाहीत. माझे कसे होते तुला ठाऊक आहे, सरळसोट, पिवळट, एकदा विंचरले की संध्याकाळपर्यंत जागचे हलायचे नाहीत. हे राखाडी आहेत आणि कुरळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या औषधानंतर असं होतं, काहींचे पुढे सरळ होतात, काहींचे होत नाहीत. जूनमधल्या पेन्टेकॉस्टच्या सणाच्या रविवारपर्यंत किती वाढतील असं मी विचारलं, तर म्हणाल्या महिन्याला सेंटीमीटरभर. आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू म्हातारीला आता कुठे नाचायला जायचंय.

नाचायला नाही, चर्चमध्ये जायचंय. माझ्या धाकट्या हारमेनच्या बायकोला, योसीनला, मुलगी झाली. मुलीच्या आनंदाचे गुलाबी बडीशेप लावलेले टोस्ट अख्ख्या गल्लीने खाल्ले. माझंच नाव ठेवणार आहेत, लुब्बर्ता. तिला बाप्तिस्म्याला आत मीच उचलून नेणार. माझ्या नावाचं मूल मी आपला गावचा जुना पोशाख न घालता कसं नेऊ? आणि कपाळावर केसांची वळकटी नसेल तर पोशाख घालायचा कसा? वळकटीशिवाय ती पांढरी टोपी म्हणजे मिठाशिवाय बटाटे.

त्यात मी एक घोळ करून बसले. गेल्या मंगळवारी मासळीवाल्याकडे जाताना योसीनचा कोट आणि लोकरीची टोपी घालून गेले. आजारपणात घरात तेच घालत होते, लक्षातच राहिलं नाही. दुपारी शेजारची कोर्नेलिया लोण्याचा केक घेऊन हजर. अर्धा तास माझा हात धरून बसली. मला वाटलं, आजाराबद्दल वाईट वाटतंय. शेवटी जाताना तिने हळूच विचारलं की आता तुझ्या पोशाखांचं काय करणार, तिच्या बहिणीला खांद्यावरची कापडं हवी होती. तेव्हा कळलं. गावाने ठरवून टाकलंय, लुब्बर्ताने पोशाख उतरवला. आणि इथे एकदा उतरवला की परत कोणी घालत नाही, हे तुला मी काय सांगू. रोज पोशाख घालणाऱ्या गावात चौदाच जणी उरलो होतो, कोर्नेलियाने तेरा मोजायला सुरुवातही केली.

मला पोशाख सोडायचा नाही, मेन्स्ये. पंचावन्न वर्षं मी आरशात त्याच बाईला बघत आलेय. आता आरशात जी बसते तिच्याशी माझी ओळख नाही.

गुडघ्याला काय लावतेस ते कळव. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
लुब्बर्ता

*

देव्हेंटर, १६ फेब्रुवारी २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि. की केस आले हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले आणि मग एकटीच रडले. दोन्ही झाल्यावर कॉफी केली.

आणि कुरळे आले? देवाच्या घरी न्याय आहे म्हणायचा. सबंध घरात कुरळी मी एकटी, आणि तुम्ही सगळे माझ्या डोक्याकडे बिघडलेल्या घड्याळासारखे बघायचात. आता कळेल पावसाळी हवेत काय होतं ते. त्यांना टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, नुसते दाबून टिप. आणि गुडघ्याला काही लावत नाही, शिव्या देते.

पोशाखाचं म्हणशील तर मी काय सांगणार. मी चौसष्ट साली सतराव्या वर्षी नर्सिंगला आले आणि पहिल्या आठवड्यात केस कापून साधे कपडे घातले. आभाळ कोसळलं नाही. आई मात्र चार वर्षं माझ्याशी बोलली नाही, सुट्टीत घरी आले की जेवणाच्या टेबलावर मीठ हवं असलं तर बाबांना सांगायची की तिला सांगा. तू लिहितेस, गाव तुझं सांत्वन करायला आलं. ताई, मी तर मेलेच होते म्हणजे तुमच्या लेखी.

रागावून नाही लिहीत. खरं सांगू, तुझं पत्र आल्यापासून मला शनिवारची दुपार सारखी आठवतेय. आई टेबलावर खांद्याची कापडं अंथरायची, खळीच्या पातेल्याला गरम तांदळाचा वास यायचा, ती पत्र्यासारखी कडक झाली की आपण टकटक वाजवून बघायचो. बाहेर बाबा ईल मासे धुरावर धरायचे. रविवारी माझं निळ्या फुलांचं कापड घालून मी बंदरावरून चालायचे तेव्हा मान वळवता यायची नाही, आणि मला वाटायचं की मी गावातली सगळ्यात मोठी असामी आहे.

अगदीच अडलं तर विग घे. नाहीतर साधी जा. बाळाला काय कळतंय.

लोभ ठेव, आणि थोडासा राग आला असेल तर तोही ठेव.

तुझी,
मेन्स्ये

*

आउडहाव्हन, २८ मार्च २०११

चि. मेन्स्येस,
अ. उ. आ., राग आला होता म्हणून उशिराने.

बाळाला कळणार नाही, पण फोटो राहतो ना. ती लुब्बर्ता मोठी झाल्यावर विचारेल की मला उचललेली ही कोण बाई, तेव्हा काय सांगायचं? विग मी बघून आले. दुकानातली पोरगी गोड होती, तिने डोक्यावर ठेवला आणि मी टीव्हीवर बातम्या देणारीसारखी दिसायला लागले. परत काढून तिच्या हातात दिला.

केस आता तीन बोटं आहेत. मागच्या रविवारी दार लावून प्रयोग केला. आत मेंढीच्या लोकरीची गुंडाळी, वरून केस, साखरेचं पाणी, पिना. पाच मिनिटं सगळं छान राहिलं. मग एक बट सुटली, मग दुसरी, मग सगळी फौजच उभी राहिली. योसीन आत आली आणि हसू दाबायला परत बाहेर गेली. मला रडू फुटलं. आजारपणात सुया टोचल्या, नखं काळी पडली, तेव्हा मी रडले नाही गं. चार बटांनी रडवलं.

कोर्नेलिया रोज विचारते. परवा पाद्रीसाहेबांची बायकोही आडून विचारून गेली की बाप्तिस्म्याला मी कुठे बसणार, पोशाखवाल्यांच्या रांगेत की घरच्यांबरोबर.

म्हणून तुला विचारायचं होतं. तुझे केस याहून दाट आणि हट्टी, तरी लहानपणी तुझी वळकटी दगडासारखी बसायची, मला चांगली आठवते. पाद्री सुद्धा कौतुक करायचे. आईची बोटं आखडलेली, म्हणून विंचरायचे मीच, पण कसं करायचे तेच आठवत नाही. साखर जास्त घालायचो का? तुझ्या लक्षात असेल तर युक्ती लिहून पाठव. अकरा आठवडे आहेत.

बंदरावर जुन्या बोटींना रंग द्यायला सुरुवात झाली, वास घरापर्यंत येतो. बाबांची आठवण येते. माया असू दे.

तुझी ताई,
लुब्बर्ता

*

देव्हेंटर, ५ एप्रिल २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि. असं लिहून चार दिवस कागद तसाच पडला होता. आता लिहितेच.

युक्ती विचारतेस. युक्ती काही नव्हती, ताई. माझे केस बसायचे नाहीत, तू बसवायचीस. रोज सकाळी शाळेआधी, आणि रविवारी दुप्पट. मी स्टुलावर, तू मागे, तुझा गुडघा माझ्या पाठीत. हाडाची फणी मुळापासून ओढायचीस. मी रडू नये म्हणून तेविसावं स्तोत्र म्हणायला लावायचीस आणि थांबले की परत पहिल्यापासून. तुला ते आठवत नाही यावर माझा विश्वास बसला. मारणाऱ्याला कुठे आठवतं.

डाव्या कानाच्या वर खपली धरायची, ती दर सोमवारी निघायची. त्या जागी अजून केस नीट येत नाहीत. चौसष्ट वर्षांची झाले, नातवंडं आहेत, आणि तिथे मी अजून केस आडवे घेते.

सगळ्यांना वाटतं, मी शहरासाठी पोशाख सोडला. मीही तेच सांगत आले, सोपं पडतं. कोणी मला गर्विष्ठ म्हणालं, कोणी म्हणालं की डॉक्टर नवरा हवा होता. मिळाला तो पोस्टमन. खरं हे की मला तो पोशाख फार आवडायचा, ताई. तुझ्याइतकाच, कदाचित जास्तच. आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी खोलीत एकटी असताना टॉवेल खांद्यावर घेऊन आरशात बघायचे. पण सकाळी उठल्यावर फणी नव्हती. एवढ्यासाठीच परत गावी राहायला आले नाही.

हे तुला आजारपणानंतर लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण विचारलंस ना.

साखरेचं पाणी कोमट घे. एवढंच मला माहीत आहे.

लोभ आहे, म्हणून लिहिलं.

मेन्स्ये

*

आउडहाव्हन, १४ जून २०११

चि. मेन्स्येस,
या वेळी आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तूच काय द्यायचं ते दे.

दहा आठवडे लिहिलं नाही. पाच वेळा बसले. प्रत्येक पत्रात पहिलं वाक्य असं यायचं की मीही लहानच होते, आईनेच सांगितलं होतं. पाचही फाडली. आईने विंचरायला सांगितलं होतं, इतकं ओढायला सांगितलं नव्हतं. ते मीच करत होते. बाबा बोटीवरून आले की तुझ्या कुरळ्यांत हात घालून हसायचे. माझ्या डोक्यावर हात ठेवण्यासारखं काही नव्हतं, तिथे सगळं व्यवस्थित होतं. तो राग मी फणीने काढत होते. आणि तू गेल्यावर सत्तेचाळीस वर्षं गावात मीच सांगत फिरले की आमच्या मेन्स्येला शिष्टपणा नडला.

रविवारी पहाटे योसीनने वळकटी करायला घेतली. केस तोवर चार-पाच बोटं झाले होते, ती म्हणाली घट्ट ओढले तर बसतील, जरा दुखेल, चालेल ना. मी चालेल म्हटलं. तिने कपाळापासून पहिली फणी ओढली आणि माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. नवीन कातडी आहे, फार हुळहुळी. मी तिचा हात धरला. एका फणीत माझं हे झालं. तुझ्या दहा-अकरा वर्षांचा हिशेब मला करता येईना.

मी योसीनला सांगितलं, फणी ठेव. पोशाख घातला. काळा घागरा, वर लाल फुलांचं कापड, तेही तिनेच खळीत बुडवून कडक केलेलं. टोपी डोक्यावर ठेवली आणि दोन पिना लावल्या. वळकटी नाही, साखर नाही. टोपीच्या चारी बाजूंनी कुरळे बाहेर. आईने बघितलं असतं तर परत आत पाठवलं असतं.

बाळाला घेऊन आत गेले तर सगळ्यांची नजर माझ्या टोपीवर. पोशाखवाल्यांच्या रांगेत तेरा जणी बसल्या होत्या. कोणी सरकेना. मी बाळाला खांद्याशी घेतलं आणि रांगेच्या टोकाशी तशीच उभी राहिले. मग कोर्नेलिया सरकली. मोठ्या नाखुशीने, पण सरकली, आणि प्रवचन सुरू झाल्यावर तिने नेहमीसारखी पेपरमिंटची गोळी पुढे केली. बाहेर पडल्यावर म्हणाली की असं कधी कोणी केलेलं नाही. मी म्हटलं, करायला हवं होतं, साठ वर्षांपूर्वीच. तिला वाटलं आजाराने माझं डोकं फिरलंय. फिरलं असेल.

बाळाचे केस कुरळे निघतील असं वाटतंय. निघाले तर तिच्या डोक्याला कोणी हात लावून तर बघू दे.

मेन्स्ये, माफ कर असं लिहिणं फार स्वस्त आहे, तरी लिहिते. माफ कर मला. मी तुला दुखवलं, आणि तुझ्या आवडीची गोष्ट तुझ्याकडून घेतली, वर नावंही तुलाच ठेवली.

आता एक विचारते, नाही म्हणालीस तरी चालेल. निळ्या फुलांचं कापड अजून मिळतं, मी आणून ठेवलंय. ते अंगावर मापून शिवावं लागतं आणि तुझं सतराव्या वर्षाचं माप आता कुणाच्या उपयोगाचं नाही. एकदा उतरवल्यावर परत घालता येत नाही असं जे कोणी म्हणेल त्याने माझ्याशी येऊन बोलावं. केस जसे आहेत तसे. विंचरायचं तुझं तू, मी खोलीतही येणार नाही.

खांद्याचं माप कळव.

तुझी,
लुब्बर्ता

*

देव्हेंटर, २० जून २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खांदा ते खांदा एकोणचाळीस सेंटीमीटर, मान ते कंबर त्रेचाळीस. नवऱ्याने दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा मी नीट उभीच राहिले नाही, सारखी हलत होते. तो म्हणाला, एवढं रडायला कापडात काय आहे.

पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने येते. आणि तू खोलीत ये. पिना मागून मला एकटीला लावता येत नाहीत.

लोभ आहे, ताई.

मेन्स्ये