खटक्यावरची टोपी

ता. ३

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

दोन महिने झाले, बाबा माझ्या खोलीवर आहेत. आपल्या बेकरीचं नाव निघालं की हातातला घास खाली ठेवतात. काकाची बोटं गेली हे मी विसरले नाही. पण आजी, बाबा सलग दुसरी पाळी करत होते. कॉलेजात आमचे तत्त्वज्ञानाचे सर शिकवतात, आपण ठरवतो असं माणसाला नुसतं वाटतं; स्वभाव, थकवा, लहानपण यांनी ते आधीच ठरवलेलं असतं. मग दोष कुणाला द्यायचा? तुझं उत्तर आलं की रविवारी त्यांना पाठवते. घरात घे, एवढंच मागणं.

तुझी नात,
मास्तरीण

ता. ९

चि. मास्तरणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकानं वाचून दाखवलं, डाव्या हातात धरून. लहानपणावर ढकललंस, म्हणजे फिरून गाडी माझ्याच दारात!

कणीक मळायच्या यंत्रात हात घालणारा आपली टोपी खटक्यावर अडकवतो. टोपी असेतो खटक्याला कुणी शिवायचं नाही, ही तुझ्या आजोबांची शिस्त. तुझ्या बापानं टोपी काढली, घडी घालून फळीवर ठेवली, मग यंत्र चालू केलं; काकाचा हात आतच होता. इलाज नव्हता म्हणतेस. मग तुझ्या शिक्षणासाठी काका राबला, तोही इलाज नव्हता म्हणूनच का? त्याचे आभारही नकोत?

असो. भांडायला अंगात जोर नाही. पाठव त्याला. तुझ्या सरांचं ऐकून बघते.

माया आहे तशीच ठेव.
आजी

ता. १६

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

तुझा बाप आला. जेवायला वाढलं, म्हटलं, तुझ्या हातात काय होतं बाबा, झालं ते झालं. काकानंही मान हलवली.

त्यानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, आई, शिव्या घाल. टोपी मला दिसली होती. कुणीतरी विसरलं असेल म्हणून काढली, हाक मारायचाही कंटाळा केला.

अगं, जन्मभर माझ्या जिभेवर शिव्या तयार असायच्या. त्या वेळी एकही आली नाही. पोटचा पोरगा समोर बसलेला, आणि मला बिघडलेलं यंत्र दिसत होतं. यंत्राला कोण शिव्या घालतं?

ताट तसंच टाकून उठला. काका मागं धावला, तोवर बस गेली होती.

तुझ्याकडे पोचला का, तेवढं कळव. पोचला असेल तर तू तरी त्याच्यावर रागाव. मला जमेना.

लोभ आहे, तो तुटू देऊ नकोस.
आजी