पुरवणीतला पेंटर

बाबूजी, तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली आणि मी पोटासाठी काय करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही होता तेव्हा मी पुण्यात जाहिरातींच्या कामात होते, आणि ते तुम्हाला कळायचं. आता मी गोंदियात खोली घेऊन राहते आणि पुण्याच्याच एका कंपनीचं काम घरबसल्या करते. ही कंपनी कम्प्युटरवर खेळायचे लढाईचे खेळ बनवते. मी त्यातल्या भिंती रंगवते. खेळात गाव असतं, गावात घरं असतात, आणि त्या घरांच्या भिंतींवरचे पोपडे, ओल, जुन्या जाहिराती, घोषणा हे सगळं कोणाला तरी काढावं लागतं. तुम्ही चुना आणि गेरू घेऊन जे केलंत तेच मी काचेवर करते, एवढाच काय तो फरक, असं मला या वर्षापर्यंत वाटत होतं.

आमच्या एका खेळात दोन देश लढतात, दोन्ही मनानं रचलेले. खेळणारा निळ्या बाजूचा शिपाई असतो. समोरचे सगळे राखाडी कपड्यांत, तोंडावर मुखवटे. गोळी लागली की पडतात आणि थोड्या वेळानं विरून जातात. तो खेळ चांगला चालला, म्हणून कंपनीनं त्याला पुरवणी जोडायचं ठरवलं. परीक्षेत उत्तरपत्रिकेला जोडतात तशीच ही पुरवणी: मूळ खेळ तोच, पण मुलूख नवा, लढाई नवी आणि शत्रूही नवा. आमचा प्रमुख तिशीतला आहे, पुण्याचा, बोलायला अतिशय सभ्य. तो म्हणाला की मुखवट्यांना लोक कंटाळलेत. या वेळी शत्रू साधा दिसणारा हवा, गावात राहणारा, आणि त्याचा प्रचार जागोजागी दिसला पाहिजे. मुलूख जंगलाचा आणि धानाच्या बांध्यांचा ठरला. मी इकडचीच, म्हणून भिंती माझ्याकडे आल्या आणि मला खरंच आनंद झाला. मी आपलं गाव काढायला बसले. कवेलूंची उतरती छपरं, बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंती आणि त्यांच्या पायाशी काळा पट्टा. घोषणांचा मजकूर कंपनीच्या लेखकानं दिला होता, पण अक्षर मी माझं वापरलं. माझं म्हणजे तुमचंच. तुमचा तो ‘श’, ज्याची गाठ तुम्ही खाली ओढून पोपटाच्या चोचीसारखी वळवायचे. प्रमुखाला ते फार आवडलं. म्हणाला, किती खरं वाटतंय.

केशोरीच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावात तुम्ही एकटेच पेंटर होता. धानाची शेती भाऊबंद पाहायचे आणि तुम्ही सायकलला डबे बांधून पंचक्रोशी हिंडायचे. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे पाढे, पाणी उकळून प्यायचं वाक्य. सुट्टीत मी तुमच्यासोबत असे. निळीत बुडवलेल्या सुतळीचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. तुम्ही मधोमध ती ओढून सोडता आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं उभी राहतात. मी तिसरीत पास झाले तेव्हा तुम्ही मला सहा नंबरचा ब्रश दिलात, तुमचाच वापरलेला, केस धुऊन मऊ केलेला. तेव्हा मला वाटायचं की भिंतीवर लिहिण्यासारखं निर्भय काम दुसरं नाही.

मग ती दुपार आली. मी चौथीत होते. जंगलातले तिघं बंदुका घेऊन आपल्या अंगणात येऊन बसले, त्यात एक बाई होती. आईनं त्यांना गडवाभर पाणी दिलं. ते तुमच्याशी हळू आवाजात बोलले. तुम्ही एकदाच म्हणालात की माझा हात दुखून राहिला. तुम्ही लाल डबा उचलला. सकाळी सगळ्या गावानं पाहिलं की समाजमंदिराच्या भिंतीवर ‘गावाचे शत्रू’ अशी सुरुवात करून चार ओळी लिहिल्यात, आणि त्या कोणाच्या हातच्या आहेत हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी पोलिसांची जीप आली आणि तुम्हाला घेऊन गेली. दोन दिवसांनी परत आलात. कोणी हात लावला नाही, चहा दिला, पण ‘श’ काढायला लावला, कागदाच्या मागून पुढून, शंभर वेळा, असं तुम्ही आईला सांगितलंत. त्याच आठवड्यात तुम्ही ती भिंत चुन्यानं पांढरी केली आणि तिच्यावर दुसऱ्या बाजूच्या ओळी लिहिल्या. त्यांचीही सुरुवात ‘गावाचे शत्रू’ अशीच होती.

त्या दिवसांत मी एक मूर्खपणा केला. मला त्या लाल ओळींची ठेवण आवडली होती, म्हणून त्या मी वहीत लाल पेन्सिलीनं उतरवल्या, तुमच्या वळणात. तुम्ही चुलीपाशी पिढ्यावर बसून जेवत होता. मी कौतुकानं वही पुढं केली. तुम्ही उष्ट्या हातानंच ते पान फाडलं आणि चुलीत घातलं, मग अख्खी वहीच घातली. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. एवढंच म्हणालात, “अक्षर मानसाचं नाव सांगते, बाई. जे आपल्याले सांगाचं नाई, ते आपल्या अक्षरात लिवू नोको.” त्यानंतर तुम्ही दारं-खिडक्यांचं रंगकाम करू लागलात. अक्षरं सोडून दिलीत. रस्त्यानं जीप गेली की तुमचा घास थांबायचा, आणि कुत्रं भुंकलं तरी थांबायचा; दोघांतलं कोण आलं असेल हे तुम्हाला कधीच ओळखता येत नव्हतं.

हे सगळं मला आठवत होतं आणि तरीही मी पुरवणीतल्या भिंतींवर तुमचं अक्षर लिहिलं. मला वाटलं, हा तर खेळ आहे.

फाल्गुनात कंपनीनं गावकऱ्यांच्या पेहरावाचे फोटो मागितले. मी गावी गेले. आई आता थकली आहे, पण कान शाबूत आहेत. मी पेटीतून तुमचा फोटो काढला, सायकलीला टेकून उभे आहात तो, बाही दुमडलेला सदरा, पायजम्यावर रंगाचे शिंतोडे. आई म्हणाली, “तुह्या बाबूजीचा फोटो कायले पायजे?” मी सांगितलं की कामासाठी पाहिजे, खेळातल्या माणसांना असे कपडे घालायचे आहेत. मग मी समाजमंदिराची भिंत कुठंशी होती म्हणून विचारलं, तेव्हा तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, “काऊन त्या भिती उकरून राहिली? झाकलं ते झाकलंच राहू दे.” तीस वर्षं होत आली बाबूजी, त्या भिंतीच्या जागी आता व्यायामशाळा आहे, आणि आई अजून दार लोटून बोलते. मी फोटो घेतलाच. मोबाइलवर त्याची प्रत काढली आणि तिथूनच पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात पहिली चाचणी झाली. पुण्यातला एक जण खेळतो आणि आम्ही आपापल्या घरून पडद्यावर बघतो. निळा शिपाई माझ्या गावात शिरला. तेव्हा मला कळलं की पुरवणीत एक नियम घातलाय: ज्या घराच्या भिंतीवर घोषणा आहे त्या घराला लाल कडा येते आणि आतली माणसं शत्रू धरली जातात. घोषणा कोणी लिहिली, का लिहिली, घरमालकाला विचारून लिहिली का, याला काही जागा नाही. खेळणारा भराभर पुढं जात होता. आपल्या घरासारखं घर लाल झालं, त्याच्या शेजारचं झालं. मग समाजमंदिरापाशी एक माणूस पाठमोरा उभा दिसला. बाही दुमडलेला सदरा, पायजम्यावर शिंतोडे, एका हातात डबा. तो भिंतीवर ‘श’ काढत होता. पडद्याच्या कोपऱ्यात शब्द आले: प्रचारक, दुप्पट गुण. खेळणाऱ्यानं गोळी घातली. डबा कलंडला, आणि लाल रंग भिंतीवरून इतका हुबेहूब ओघळला की दोघातिघांनी वा म्हटलं.

मी कॅमेरा बंद केला. संध्याकाळी प्रमुखाला फोन केला. तो शांतपणे ऐकून घेत होता. म्हणाला, ताई, खेळात शत्रू लागतोच, आणि प्रचार करणारा मेला की गावातल्या बाकीच्यांचा धीर सुटतो, लढाई सोपी होते. मी म्हटलं, निळ्या बाजूच्या गावांतही फलक आहेत, घोषणा आहेत, त्या मीच रंगवल्यात; मग तिथं पेंटर का नाही? त्यानं यावर कधी विचार केला नव्हता हे मला कळलं. मग म्हणाला, “आपल्या बाजूचे फलक कोणी रंगवत नाही, ताई. ते असतातच.” तो वाईट माणूस नाही, बाबूजी. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आईला ताप आला म्हणून गावी जाऊन आले, तर परतताना सौंदडला गाडी थांबली आणि रुळांपलीकडच्या एका घरावर सिमेंटची जाहिरात दिसली. माझ्या डोळ्यांनी त्या घराला आपोआप लाल कडा घातली. दारात एक बाई धान पाखडत होती. मी मान फिरवली. गोंदियात उतरून घरी येताना वाटेतली प्रत्येक भिंत मी तशीच वाचत आले: हा आपला, हा त्यांचा. पुरवणी अजून बाजारात गेली नव्हती आणि ती माझ्या डोळ्यांत येऊन बसली होती. जे हजारो लोक ती खेळतील, ते नंतर कुठल्या गावातून जातील, कुठल्या घराकडे कसं बघतील, हा विचार आला की मी हातातलं काम बंद करून ठेवायचे.

मी प्रमुखाला लिहून दिलं की पेंटर काढा, नाहीतर भिंतींवरून माझं काम काढा. तीन दिवस उत्तर आलं नाही. मग त्यांनी मधला मार्ग काढला. दुप्पट गुण गेले, ‘प्रचारक’ हा शब्द गेला, फोटोवरून घेतलेला चेहरा बदलतो म्हणाले. तो माणूस भिंतीपाशी राहील, पण खेळणारा थांबला तर तो चार ओळी पूर्ण करेल, डबा उचलेल आणि निघून जाईल, कोणाला इजा न करता. मारायचं की थांबायचं हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मला तो विजय वाटला. सगळ्या घोषणा मी पुन्हा लिहिल्या, साच्यातल्या मेलेल्या अक्षरात, ज्यात तुमचं काहीच नाही. आईला फोन करून सांगितलं की काम चांगलं झालं. कशाचं काम, हे तिनं विचारलं नाही.

पुरवणी बाहेर पडायच्या आधी प्रत्येकाला आपलं काम स्वतः खेळून तपासावं लागतं. गेल्या मंगळवारी सकाळी मी बसले. निळी बंदूक माझ्या हातात होती. मी गावात शिरले, समाजमंदिरापाशी आले, आणि तो पाठमोरा उभा होता. आता थांबायचं, एवढंच काम होतं. थांबलेही. त्यानं एक ओळ पूर्ण केली, मग दुसरी. मी भिंतीचे पोपडे तपासत होते, ओल तपासत होते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी त्यानं ब्रश डब्यावर टेकवला, रंग निथळायला, अगदी तुमच्यासारखा, आणि त्याची मान किंचित माझ्याकडे वळू लागली. त्याला चेहरा दुसरा दिला आहे हे मला माहीत होतं. तरी तो पूर्ण वळायच्या आत माझं बोट दाबलं गेलं.

तुमच्यावर राग नव्हता, बाबूजी. तुम्ही मला ओळखाल, याचीच भीती वाटली.