मला झोप लागू लागली

गुंद, ५ फेब्रु. १९११, रवि.
झोपलो! पाठ टेकली ती थेट कोंबडा आरवेपर्यंत. कुसू हिवतापात गेली त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून रोज दचकून उठायचो, लेक हाक मारतेय असं वाटायचं. या आठवड्यात एकदाही नाही. फिरते उपदेशक योहानबाबा शाळेच्या पडवीत उतरलेत. प्रार्थनेला बसवलं, म्हणाले, "मास्तर, ह्ये ओझं येशूच्या हाती द्या." दिलं. बस्स, इतकंच! काल शाळेत पाढे घेता घेता मोठ्यानं हसलो. पोरं घाबरली.

८ फेब्रु., बुध.
ठरलं! २६ला नदीत बाप्तिस्मा. शाळेतून धावतच घरी, वहाणासुद्धा न काढता सौ.ला सांगितलं. भात कांडत होती. मुसळ थांबलं.
"पोर गेली आन् तुमास्नी झोप लागाय लागली व्हय? आता मी कुनासंगं जागू?"
बाप्तिस्मा घेतलात तर खानापूरला माहेरी जाणार, म्हणाली. मला वाटलं होतं, हरखेल. कसला शहाणा मी.

१२ फेब्रु., रवि.
बाप्तिस्म्याचं कळून गावचे मानकरी आले. "मास्तर, देवळात देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावूया. उजवी पाकळी पडली तर जावा, डावी पडली तर ऱ्हावा."
म्हटलं, माझं ठरलंय, पाकळ्यांना काय विचारायचं? फार ताठ्यात म्हटलं. ते गेले आणि या पठ्ठ्यानं, म्हणजे मीच, काय करावं! बाबांनी दिलेला लाकडी क्रूस उभा केला, आबोलीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या, हात जोडून विचारलं, सौ. राहील का? उजवी पडली! नाचायचाच बाकी होतो. मग ध्यानात आलं, उजवी मीच कमी भिजवली होती. बाबा दारात उभे. हसून हसून ठसका लागला त्यांना.
"मास्तर, तिला इचारलासा काय?"
नाही विचारलं.

१९ फेब्रु., रवि.
आज विचारलं. परसात, ती भांडी घासताना. राहशील का?
"आदी कुसूचं नाव घ्या. तीन वर्सांत एकदा तरी घेटलासा काय?"
घेतलं. मग थांबेचना. फणसाच्या आठळ्या तांदळाच्या मडक्यात लपवायची ते, वासराशी भांडायची ते. दोघं रडलो, राखेच्या हातांनीच डोळे पुसले. आणि आतली शांती गेली नाही! हुंदके देतोय आणि आत सगळं निवांत. हे बाबांनी सांगितलं नव्हतं! मला वाटलं होतं, शांती म्हणजे रडू संपणं. धावत जाऊन बाबांना सांगितलं तर म्हणतात, "व्हय तर."
राहशील का, याचं उत्तर मात्र दिलं नाही तिनं.

२६ फेब्रु., रवि. सकाळ.
घाईत लिहितोय. बाबा नदीवर पुढं गेले. आनंद आहे, भीतीही. सौ.नं चूल विझवली, ठेवणीतलं लुगडं नेसली. कुठं निघालीस? तर म्हणे,
"पान्यात उतरलासा की तुमच्या येशूला इचारा, आमची कुसू त्येच्यापाशी हाय काय."
म्हटलं, तूच चल, तूच विचार.
शाळेखाली वाट फुटते, एक नदीकडं, एक खानापूरच्या गाड्यांकडं. ती दार ओढून घेतेय, कुठं वळते ते तिथंच कळेल, निघतो.