काखेतल्या चिंध्या

आदरणीय मामांस, भाच्याचा प्रभूमध्ये सलाम. मामीचे गुडघे आणि तुमचा आवाज दोन्ही ठणठणीत असोत. (आवाज असणारच. तुमचा उपदेश मी पळून जाऊनसुद्धा ऐकलेला आहे.) माझं विचाराल तर जिवंत आहे, याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

इथे दवाखान्याच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात आम्ही रविवारी इस्त्रीच्या खोलीत प्रार्थनेला बसतो. बोलणाऱ्या इस्त्रीवाल्याचा घसा बसला, आणि मामा प्रवचन करतात म्हणजे भाच्यालाही येत असणार असं ठरवून मला उभं केलं. मला येतो बायबलातला एकटा यिर्मया संदेष्टा, तोही खोड्यांची शिक्षा म्हणून तुम्ही पाठ करून घेतलात म्हणून. म्हटलं, जिवंत पाण्याचा झरा सोडून आपण गळक्या टाक्या खोदतो. माना डोलल्या. म्हटलं, नुसतं मंदिर मंदिर करून भागत नाही, विधवेला न्याय द्या. डोलल्या (खोलीत विधवा कोणी नव्हती). तिथेच बसायला हवं होतं. पण घसरलो ते घसरलोच, आणि बाबेलला कैद करून नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मयाने धाडलेला निरोप सांगून बसलो: सुटकेला अवकाश आहे, तोवर तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं भलं मागा, लवकर परतू म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आता आमचा बॉयलरवाला दर रविवारी यंदा सगळ्यांना घरी जायला सुटी मिळणार असं सांगून फुकट चहा पितो (आम्ही त्याला दिलासाच म्हणतो). सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू सुटी मीच खाल्ली.

बुधवारी मालकाने खरंच सुटी रद्द केली. जो जाईल त्याची जागा गेली. मामा, खरं ठरण्यासारखं दुर्दैव नाही. दुपारी मला गाळाचा हौद उपसायला उतरवलं आणि शिडी वर ओढून घेतली. दिलासा वाकून म्हणाला, "बांध की घर. लाव बाग." कमरेपर्यंत साबणाच्या चिखलात मी उभा. शेवटी फाटकावरचा पहारेकरी आला, ना आपल्या धर्माचा ना आपल्या भाषेचा. त्याने दोर टाकला, मागोमाग चादरींच्या चिंध्या, आणि खुणेने सांगितलं, काखेत घाल, दोर काचेल. यिर्मयालाही चिखलातून परक्यानेच अशाच चिंध्या देऊन काढलं होतं, आणि ह्या माणसाने ते पुस्तक कधी उघडलेलंही नाही. वर आल्यावर मी रडलो. त्याला वाटलं काखा दुखल्या.

तुम्ही सांगायचात, यिर्मया आपल्या पवित्र नगरासाठी रडला, प्रभू येशूही त्याच नगरासाठी रडला, आणि हृदयावर नियम लिहिण्याचा जो नवा करार यिर्मयाने सांगितला तो प्रभूने आपल्या रक्ताने केला. मानतो. पण माझं हृदय उघडलं तर आत घराच्या वाटेचं एकेक वळण कोरलेलं निघेल. देवाने लिहायचं कुठे? तेव्हा आशा सोडली आहे. इथेच राहीन. साबणाच्या रिकाम्या डब्यात टोमॅटो लावला आहे.

तुमचा, नुकताच धुऊन निघालेला
भाचा

ता.क. आईला हौदाचं सांगू नका. पोहायला शिकतोय म्हणा.

ता.क. टोमॅटो मेला.

ता.क. खरं लिहायचं ते राहिलंच. मामी माझी खाट तुमच्या धाकट्याला देणार असं कळलं. देऊ नका. नगर शत्रूच्या हाती पडायला आलेलं, स्वतः कैदेत, तरी यिर्मयाने गावाकडचं शेत विकत घेतलंच ना? तुम्हीच शिकवलंत. अडचण होत असेल तर खाट भिंतीला उभी करा, पण ठेवा.