दुपट्ट्याखालचा पडदा

बाबा, गोंदियातली तुमची रेकॉर्डिंगची खोली आता राहिली नाही. तिथे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. भिंतींना तुम्ही धानाची रिकामी पोती ठोकली होती, त्यांचा वास मात्र मला अजून नेमका आठवतो. तिरोड्याहून भीमगीतांची मंडळी येत, आमगावहून भजनवाले. रुळांवरून गाडी जाईपर्यंत तुम्ही हात वर धरून सगळ्यांना गप्प बसवायचात, हात खाली आला की पेटी सुरू व्हायची. १९९९ साली तुम्ही जुना संगणक आणलात, तेव्हा बी.कॉम. झालेल्या मला वाटले, आता काम सोपे झाले. आवाज पडद्यावर रेघांच्या रूपात दिसू लागला होता. एका गाण्यातला खोकला मी नुसती रेघ पाहून कापला आणि त्यासोबत गायिकेचा श्वासही गेला. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून पडद्यावर टाकलात. "पाहून काऊन आयकून राहिला? कान कायले हायेत मंग?" तेव्हापासून तो आपल्या खोलीचा नियमच झाला: पडदा झाकून गाणे पूर्ण ऐकायचे, मगच माउसला हात लावायचा.

तुम्ही गेलात, त्यानंतर काही वर्षांत कॅसेटीही गेल्या आणि खोली चालेना. नागपुरात एका रेडिओ वाहिनीत ध्वनिसंपादकाची जागा निघाली. तीच माझी शेवटची आशा होती. जाहिरातीत एका विशिष्ट सॉफ्टवेअरची अट होती. ते विकत घेणे आपल्याला परवडणारे नव्हते आणि गोंदियात ते शिकवणारा कोणी नव्हता. आपल्याकडच्या फुकटच्या सॉफ्टवेअरहून ते फारसे वेगळे नसेल, असे मी गृहीत धरले. चाचणीत मी हेडफोन लावला आणि सवयीने पडदा बंद केला. शेजारचे उमेदवार कापाकापीला लागले होते. परीक्षा घेणारा तरुण मागे येऊन उभा राहिला. "सर, स्क्रीन का बंद केली?" आधी ऐकतो आहे, असे मी सांगितले. "ते ठीक आहे, पण हे चालवता येतं ना?" मी पडदा सुरू केला. त्यावरचे एकही चिन्ह माझ्या ओळखीचे नव्हते. मी नेलेली आपल्या खोलीतली सीडी त्याने शांतपणे ऐकली आणि काम स्वच्छ आहे, असेही म्हणाला. "पण आमच्याकडे सगळे यावरच काम करतात. शिकवत बसायला वेळ नाही, सर."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. जागा आधीच भरली होती, असे मी तिला सांगितले. "बाबाचं नाव सांगतलं का नाई तू?" तिने विचारले. सांगितले, असे मी म्हणालो. तिथे ते कोणी विचारलेही नव्हते.

पुढे मी राइस मिलच्या हिशेबाच्या कामाला लागलो, तो आजही तिथेच आहे. आईला जे सांगता आले नाही, ते तुम्हाला लिहितो, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. नागपुरातल्या त्या चाचणीतून बाहेर पडताना मला त्या तरुणाचा राग आला नाही. पडदा झाकायला शिकवणाऱ्या तुमचा आला होता, बाबा. तो पुरता गेला आहे, असे अजूनही म्हणवत नाही.